गोल जॉबवर समान अंतराची होल: प्रत्येक अँगल झीरोपासून मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ८० डायाच्या बुशवर फोर्थ अ‍ॅक्सिस (जॉब फिरवणारं रोटरी टेबल) लावून चारी बाजूंनी सात होल मारायचीत, फॅनक कंट्रोलवर सबप्रोग्रॅममध्ये होल मारून जी९१ ए५१.४ (आहे तिथून अजून ५१.४ डिग्री फिर) दिलंय आणि ते सात वेळा फिरवलंय. सहा गॅप सारखे येतात पण शेवटचा थोडा मोठा येतो, आणि दहाव्या पीसला बघितलं तर पहिलं होलच कीवेपासून (किल्लीच्या खाचेपासून) सव्वा मिमी सरकलेलं. रोटरी टेबलात प्ले (ढिलेपणा) आलाय का, खोलायचं का, असं विचारलंय. टेबल अजिबात खोलू नका, दोन्ही त्रास त्या ५१.४ मधून आलेत.

३६० ला ७ ने भागलं की ५१.४२८५७१ असं येतं आणि पुढे चालूच राहतं. तुम्ही ५१.४ घेतलंत, सात वेळा मिळून झालं ३५९.८. म्हणजे सातव्या होलपासून पहिल्यापर्यंत ५१.६ उरतं, ०.२ डिग्री जास्त, ४० च्या रेडियसला ते ०.१४ मिमी होतं. हा झाला तुमचा मोठा गॅप. आता सात इंडेक्स झाल्यावर टेबल ३५९.८ ला उभं आहे, प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जी९० ए० (झीरोपासून मोजून ० वर जा) नाही, म्हणून पुढचा पीस तिथूनच चालू होतो. कीवे फिक्स्चरच्या पिनवर बसतो आणि पिन टेबलासोबत फिरते, त्यामुळे दर पीसला ०.२ ने होल मागे पडतं. नऊ पीस झाले की १.८ डिग्री, म्हणजे साधारण १.२६ मिमी, हाच तुमचा सव्वा मिमी.

यावर बहुतेक जण ५१.४२९ टाकून मोकळे होतात. एका पीसमध्ये काही दिसत नाही, पण सात वेळा ते ३६०.००३ होतं, आणि ए० न करता दोनशे पीस काढले की ०.६ डिग्री पुढे. डेसिमल वाढवून हा रोग जात नाही, मागच्या होलपासून मोजायचं सोडलं की जातो. जी९० मध्ये झीरोपासून अँगल लिहा, ०, ५१.४२९, १०२.८५७, १५४.२८६, २०५.७१४, २५७.१४३, ३०८.५७१, आता प्रत्येक होलची चूक त्याच्यापुरती, अर्ध्या हजारांश डिग्रीच्या आत, पुढच्याला लागत नाही.

मॅक्रोचा (प्रोग्रॅममध्ये # चे व्हेरिएबल आणि लूप वापरायचा) ऑप्शन असेल तर अजून सोपं. #१०१ मध्ये होलची संख्या, #१०२ मध्ये ० पासून चालू काउंटर, आणि लूपमध्ये जी९० जी० ए[#१०२*३६०/#१०१], मग होल मारायचा सबप्रोग्रॅम, मग #१०२ मध्ये एक मिळवायचा, #१०२ हा #१०१ पेक्षा लहान आहे तोवर चालू. आधी ३६० ने गुणून मग भागायचं, एका होलचा अँगल आधी काढून राउंड करून ठेवला आणि तो गुणत बसलात तर परत तीच गडबड. उद्या सातची अकरा होल झाली तर एकच आकडा बदलायचा.

जी८१ ला (ड्रिलिंग सायकलला) जी९१ ए आणि के (किती वेळा) देऊन एका ओळीत होल मारतात तेही चालतं, सहा-आठ होलला अँगल पूर्ण येतो तेव्हा मीही करतो. पण त्यात मधे क्लॅम्पचा (टेबल लॉक करायचा) एम कोड घालता येत नाही, तुमच्या टेबलाला क्लॅम्प आपोआप लागत नसेल तर मोठ्या ड्रिलला टेबल हलतं. आणि जी८० (सायकल बंद) नंतर जी९० लिहायचं विसरू नका. माझ्याकडून एकदा राहिलं होतं, पुढची ओळ झेड वर न्यायची समजून मी निवांत होतो आणि टूल इन्क्रिमेंटलमध्ये भलतीकडेच गेलं, जॉब आणि ड्रिल दोन्ही गेले. तेव्हापासून प्रत्येक टूलच्या पहिल्या ओळीत जी९० असतंच. डेसिमल पॉइंटचंही तसंच, ए६० नुसतं लिहिलं तर बऱ्याच फॅनकवर ते ०.०६० डिग्री धरलं जातं आणि सगळी होल एकावर एक पडतात, ए६०. असं लिहा.

हे करूनही गॅप चुकला तर मग बॅकलॅश (टेबलाच्या गिअरमधला ढिलेपणा) बघा, आणि त्याची खूण वेगळी असते. पहिला गॅप जेवढा कमी तेवढाच शेवटचा जास्त किंवा उलट, मधले सगळे एकसारखे. कारण ३०८ वरून टेबल उलटं फिरत ए० ला आलं, म्हणजे पहिल्या होलला वर्म (टेबल फिरवणारा स्क्रू) एका बाजूने टेकलेला आणि बाकीच्या सहांना दुसऱ्या. उपाय साधा आहे, जी९० ए०, मग जी९१ ए-१०., मग परत जी९० ए०, म्हणजे पहिलं होलही पुढे जातानाच गाठलं जातं. रोलओव्हर (३६० ला परत ० धरून जवळच्या बाजूने जायचं सेटिंग) चालू असेल तर टेबल ३०८ वरून सरळ पुढे येऊन झीरोला थांबेल, बंद असेल तर पूर्ण मागे फिरेल, हे एकदा रिकाम्या टेबलावर डोळ्याने बघून घ्या, टेलस्टॉक किंवा होज लावलेला असताना नको.

वाय झीरो (टेबलाच्या फिरण्याच्या सेंटरवरचा वाय) मात्र खरंच नीट घ्या, कारण ही चूक गॅप मोजून सापडतच नाही. वाय ०.१ ने बाहेर असेल तर सगळी होल सारखीच बाहेर जातात, गॅप परफेक्ट, पण होल सेंटरमधून जात नाही आणि कीवेपासून ०.१४ डिग्री सरकतं. चकमध्ये गोल बार धरा, डायल गेजने ट्रू करा, दोन्ही बाजूंनी एज फाइंडर (कड शोधायचं टूल) लावून मधला वाय घ्या, बार १८० फिरवून परत घ्या आणि दोन्हींची सरासरी धरा. खात्री करायची तर स्क्रॅप पाइपवर ए० आणि ए१८० ला होल मारून आरपार पिन घालून बघा, ०.१ ची चूक इथे ०.२ होऊन दिसते. झेड झीरो मी सेंटरवरच ठेवतो, ८० डायाला सरफेस झेड४०, १२ खोल मारायचं तर झेड२८ आणि त्याच्याखाली ड्रिलची टीप, ११८ डिग्रीच्या ड्रिलला डायाच्या साधारण ०.३ पट.

गोल सरफेसवर ड्रिल घसरतं म्हणून आधी सातही जागी स्पॉट (ड्रिलला बसायला छोटा खड्डा) मारा, आणि स्पॉटच्या लूपमध्येच पहिल्या पीसला एक फेरी जास्त चालवा, सातऐवजी आठ, #१०१ मात्र सातच ठेवून. आठव्या वेळी ए३६० येईल, सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ चालवत) फीड कमी करून टीप खाली आणा. ती पहिल्या स्पॉटमध्ये शांतपणे बसली, कडेला घासली नाही, की ८ चं ड्रिल लावायला हरकत नाही.