आर्डुइनो येतं, निक्सी ट्यूबचं घड्याळ घरी बनवायचंय, पण जास्त व्होल्टेजची भीती वाटते. सुरुवात कुठून करू?

भीती वाटते हे बरंच आहे. या घड्याळात कोड सोपा असतो, खरं काम पॉवर सप्लायचं.

निक्सीच्या काचेत कमी दाबाचा निऑन, पुढे जाळीचा अ‍ॅनोड आणि मागे एकामागे एक रचलेले धातूचे दहा आकडे असतात. ज्या आकड्याला ग्राउंड मिळेल, त्याच्याभोवतीचा वायू नारिंगी उजळतो. त्यासाठी साधारण १७०-१८० व्होल्ट डीसी लागतं. ते मेन्सला (भिंतीवरच्या सॉकेटमधल्या विजेला) थेट डायोड लावून काढायचा जुगाड कोणी सांगितला तर ऐकू नका. त्यात सगळं सर्किट मेन्सशी जोडलेलं राहतं आणि यूएसबी लावली की लॅपटॉपही. १२ व्होल्टचा चांगला अ‍ॅडॉप्टर घ्या आणि १२ व्होल्टचे १८० करणारं तयार बूस्ट मॉड्यूल. चार नळ्या मिळून जेमतेम दोन वॉट खातात. मात्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. मीटरने तपासल्याशिवाय हात घालू नका.

पहिल्या घड्याळाला आयएन-१२ ही सोव्हिएत निक्सी नळी घ्या. ती सॉकेटमध्ये बसते, आयएन-१४ च्या तारा सोल्डर कराव्या लागतात. आयएन-१८ दिसते झकास, पण शिकताना फुटली तर खिशाला चटका बसेल. आयएन-१२ मधला ५ नीट बघा, चक्क उलटा लावलेला २ आहे! काहींना तो खटकतो, मला आवडतो.

आधी एकच नळी, एकच आकडा पेटवा. अ‍ॅनोडला रेझिस्टर हवाच. सप्लाय १८० व्होल्ट, पेटलेल्या नळीवर साधारण १४०, उरलेले ४० रेझिस्टरवर. २.५ मिलिअँपिअरच्या हिशोबाने १६ के (किलोओहम) येतो. मी १८ के लावतो, प्रवाह थोडा कमी ठेवला की नळी जास्त टिकते. आकडा टोकापर्यंत पेटतोय ना, तेवढं पाहा.

मल्टिप्लेक्सिंगच्या (एकाच चिपवर सगळ्या नळ्या आळीपाळीने झटपट पेटवण्याच्या) भानगडीत आत्ता पडू नका. प्रत्येक नळीला एक के१५५आयडी१ (निक्सी चालवणाऱ्या ७४१४१ चिपचा सोव्हिएत जुळा) द्या. आर्डुइनोकडून चार बिट गेले की आकडा तो निवडतो. वेळेसाठी डीएस३२३१ ही घड्याळाची चिप.

आणि कोडमध्ये एक गोष्ट पहिल्या दिवसापासून घाला: रोज रात्री काही मिनिटं सगळ्या नळ्यांवर ० ते ९ फिरवा. तासाच्या डावीकडच्या नळीत ०, १, २ एवढेच पेटतात. त्यांच्यावरून उडालेला धातू बाकीच्या आकड्यांवर बसत जातो आणि मग ते अर्धवट पेटतात.