खुबा बदलल्यानंतर येणारे रडू आणि ‘चूक तर केली नाही ना?’ ही शंका

आपला प्रश्न असा आहे : खुब्याचा सांधा बदलून सहा आठवडे झाले, एक्स-रे उत्तम आहे, डॉक्टर समाधानी आहेत, तरीही रोज संध्याकाळी रडू येते आणि शस्त्रक्रिया करून घेण्यात आपलीच चूक झाली असे वाटत राहते. घरच्यांना सांगावे तर “आता कुठे दुखतंय?” असा प्रतिप्रश्न येतो. मग हे इतरांनाही होते, की आपलेच मन कमकुवत आहे?

मी डॉक्टर नाही. देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहणारा, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला आणि थोडीफार हापूसची कलमे सांभाळणारा माणूस आहे. माझा उजवा खुबा २० जून २०१९ रोजी कोल्हापुरात बदलला गेला. सहाव्या आठवड्यात मला कोणी हाच प्रश्न विचारला असता, तर “हो, चूक झाली” असे उत्तर मी निःशंकपणे दिले असते.

आंब्याचा हंगाम संपल्यावर शस्त्रक्रिया करावी, हा हिशेब माझाच होता. त्यामुळे पुढचे तीन महिने पावसात घरात कोंडून जातील, हे मात्र माझ्या लक्षात आले नाही. पहिले पंधरा दिवस त्यातल्या त्यात बरे गेले, कारण भेटायला येणाऱ्यांची वर्दळ होती, टाके काढणे, गोळ्या, रक्त पातळ ठेवण्याचे औषध असा दिवसाचा कार्यक्रम ठरलेला होता आणि आपण काहीतरी धैर्याचे केले आहे असा भाव मनात होता. तिसऱ्या आठवड्यापासून माणसे येईनाशी झाली, अंगणातल्या जांभ्या दगडावर शेवाळ धरले आणि माझे जग ओटीपासून माजघरापर्यंतच्या वॉकरच्या फेऱ्यांपुरते उरले. सांधा मागच्या बाजूने उघडून बसवलेला असल्यामुळे काटकोनापेक्षा अधिक वाकायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचे नाही, असे बजावलेले होते. नाहीतर नवा गोल वाटीतून निखळू शकतो. रात्री दोन पायांमध्ये उशी ठेवून उताणे पडून राहायचे आणि झोपेत पाय आत वळला तर काय, या भीतीने जागे राहायचे. बाहेर पागोळ्यांचा आवाज, त्यातच लाईट गेलेली. अशा रात्रींनंतर सकाळी पत्नी माझ्या पायात मोजे चढवत असताना, चहा गार आहे म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो. मला त्या चहाचे काहीच नव्हते. तिला माझ्या पायाशी बसलेले पाहणे मला सहन होत नव्हते.

रडू येण्यामागे शरीराचा वाटाही मोठा असतो, हे मला फार उशिरा समजले. शस्त्रक्रियेत रक्त जाते, हिमोग्लोबिन उतरते आणि थकवा अनेक आठवडे रेंगाळतो. वेदनाशामक गोळ्यांपैकी काही गोळ्यांनी सुस्ती येते, आणि त्या अचानक बंद केल्या तर बेचैनी वाटते. महिनाभर सलग झोप न मिळालेल्या कोणत्याही माणसाला संध्याकाळी रडू येईल. त्यासाठी त्याचे मन कमकुवत असण्याची गरज नाही. माझ्या बाबतीत भर इतकीच पडली, की मे महिन्याच्या अखेरीस मी निवृत्त झालो होतो. म्हणजे एका महिन्याच्या आत शाळाही गेली आणि पायही.

पश्चात्तापाविषयी मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण आपला खरा प्रश्न तोच आहे. मी कलमांच्या फवारणीची एक वही ठेवतो. जुलैच्या अखेरीस वेळ जात नाही म्हणून ती चाळत असताना मार्च महिन्यातली माझ्याच अक्षरातली नोंद दिसली : “आज खाली बागेत उतरलो नाही. जांघेत कळ.” पुढच्या पानावर पुन्हा तेच, त्याच्या पुढेही तेच. त्या हंगामात बागेत न उतरलेले दिवस मी मोजले, ते तेवीस भरले. मला त्यातले दोन-तीनच आठवत होते. दोन वर्षे खुर्चीतून उठताना दात-ओठ खाणारा, स्वतःच्या पायाची नखे कापता न येणारा माणूस मी होतो, आणि सहा आठवड्यांत ते सर्व विसरून “पूर्वी निदान चालत तरी होतो” असे म्हणू लागलो होतो. आजच्या पायाची तुलना मी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच्या पायाशी करत नव्हतो. ती करत होतो चाळिशीतल्या पायाशी, ज्या पायाने मी कलमावर चढत असे. तो पाय शस्त्रक्रियेने नेलेला नव्हता, तो झिजेने आधीच नेलेला होता. आपल्याकडे अशी वही नसेल, पण जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या असतील, किंवा त्या काळात आपल्यासोबत राहिलेले कोणी असेल. त्यांना विचारा, की एप्रिलमध्ये मी जिना कसा चढत होतो.

या काळात शंका फार येतात आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. माझी फेरतपासणी ६ ऑगस्टला होती आणि त्याच आठवड्यात पंचगंगेला महापूर येऊन कोल्हापूरचे रस्ते बंद झाले. त्या तीन आठवड्यांत मला खात्री वाटू लागली, की उजवा पाय डाव्यापेक्षा लांब झाला आहे. मी चपलेत पुठ्ठा घालण्याच्या बेतात होतो. पुढे डॉक्टरांनी दाखवले, की हाडांच्या लांबीत फरक जवळजवळ नाही. वर्षानुवर्षे आखडलेले स्नायू आणि कललेली कंबर यांमुळे तसे भासते आणि बहुतेकांचे ते काही महिन्यांत निवळते. माझे निवळायला दिवाळी उजाडली. लंगडही तशीच : खुब्याच्या बाजूचा स्नायू दुबळा असेपर्यंत ती राहते, आणि तो सुधारतो व्यायामाने, काळजी करून नव्हे. “हा सांधा किती वर्षे पुरणार?” ही शंकाही मला पहाटे छळत असे. २०१९ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १०० पैकी सुमारे ५८ बदललेले खुबे २५ वर्षे टिकलेले आढळले होते. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला एवढे पुरेसे वाटायला हरकत नव्हती, तरी पहाटे चार वाजता ते पुरेसे वाटत नसे.

याउलट पोटरी सुजून दुखू लागणे, धाप लागणे किंवा छातीत दुखणे, जखमेतून पाणी अथवा पू येणे, ताप, किंवा अचानक असह्य कळ येऊन पायावर भारच न देता येणे, या गोष्टी मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नयेत. त्यांसाठी त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांना गाठावे.

एक दुःख असे आहे, की ज्यावर माझ्याकडे उपाय नाही. अकराव्या आठवड्यात, २ सप्टेंबरला, गणपती आले. पाटावर बसून पूजा करण्याचा मान वडिलांच्या मागे माझ्याकडे होता. त्या वर्षी ती मुंबईहून आलेल्या पुतण्याने केली आणि मी माजघराच्या दाराशी खुर्चीत बसून त्याला पुढचे उपचार सांगत राहिलो. पंगतीत सर्वांची पाने जमिनीवर आणि माझे टेबलावर. काही डॉक्टर काही रुग्णांना पुढे मांडी घालण्याची मुभा देतात. माझ्या डॉक्टरांनी दिली नाही. ज्या घरात जेवण, पूजा, नारळ सोलणे, गप्पा असे सर्व काही जमिनीवर चालते, तिथे कायमचे खुर्चीत बसणे हे खरोखरचे नुकसान आहे. “त्यात काय एवढं?” असे म्हणणाऱ्यांचा मला राग येत असे आणि तो योग्यच होता, असे मला अजूनही वाटते. फक्त ते नुकसान आणि ‘शस्त्रक्रिया फसली’ हे दोन वेगळे हिशेब आहेत. मी ते एकत्र करत होतो.

घरच्यांना “वाईट वाटतंय” असे सांगण्याऐवजी नेमके काम सांगून पाहा. मी पत्नीला म्हटले, की संध्याकाळी सहा ते सात माझ्याजवळ बस, पण पायाची चौकशी करू नकोस. ते तिला जमले. माझे मन समजून घेणे तोवर तिला जमत नव्हते, आणि त्यात तिचा दोष नव्हता. नवरात्रात मी पहिल्यांदा पाखाडी उतरून कलमांपर्यंत गेलो, डाव्या हातात काठी धरून, प्रत्येक पायरीवर आधी शस्त्रक्रियेचा पाय खाली टाकत. त्या रात्रीही मला रडू आले, त्यामुळे एका दिवसावरून काही ठरवू नये.

पुढच्या भेटीत रडण्याविषयी डॉक्टरांना आपण होऊन सांगा, कारण ते एक्स-रे पाहतात आणि हे विचारायचे राहून जाते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, जेवण जात नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर त्या भेटीचीही वाट पाहू नका. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. माझ्या वेळी ही सोय नव्हती. पूर ओसरल्यावर मी कोल्हापूरला गेलो, तेव्हा निघता निघता दारातून मागे वळून डॉक्टरांना सांगितले, की मला रोज रडू येते. त्यांनी मला परत बसवले, झोपेची आणि गोळ्यांची चौकशी केली, हिमोग्लोबिन तपासायला सांगितले, एक गोळी हळूहळू कमी करून बंद केली आणि कुशीवर झोपायला परवानगी दिली. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी पाच तास सलग झोपलो.