मित्रांच्या मशीनवर फायली ठेवण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मित्रांची मशीनं जोडून टाहो-लाफ्स, म्हणजे फायली तुकड्यांत वाटून अनेक मशीनवर साठवणारं सॉफ्टवेअर, चालवायचा तुझा बेत झकास आहे. फाईल तुझ्याच मशीनवर एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, मग तिचे 10 तुकडे पडतात. कुठलेही 3 मिळाले की फाईल परत उभी. त्यामुळे ठेवणाऱ्यावर भरवसा नसला तरी तो वाचू शकत नाही. जागा मात्र तिपटीहून जास्त खाते. सगळी मशीनं शहापुरातल्या एकाच गल्लीत नकोत, लाइट गेली की बसलास बोंबलत! 7 पेक्षा कमी सर्व्हर (तुकडे ठेवणारी मशीनं) असतील तर मूळ सेटिंगवर अपलोडच होणार नाही, आकडे बदलून घे. फाईलची ‘कॅप’, म्हणजे तिची किल्ली असलेली लांबलचक ओळ, हरवली तर फाईल गेलीच समज. कागदावर उतरवून कपाटात ठेव. वाचायची कॅप हवं त्याला वाटून दे, फाईल बदलू देणारी लिहायची कॅप सख्ख्या भावालाही नको. आणि अधूनमधून डीप-चेक (सगळे तुकडे जागेवर आहेत का ते पाहणारी तपासणी) रिपेअरसकट चालव, म्हणजे हरवलेले तुकडे परत बनतील; लोक डिस्क फॉरमॅट करतात नि सांगत नाहीत.