केशरोपण: पट्टी काढावी की एकेक मूळ?

प्रश्न : माझे वय 26 आहे. कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस मागे हटले असून टाळूवरही ते विरळ झाले आहेत. एका क्लिनिकने ‘टाके नाहीत, व्रण नाही’ असे सांगून एकाच दिवसात 4000 ग्राफ्ट (केसांचे मुळासकट पुंजके) बसवण्याचा सल्ला दिला आहे. पट्टी काढण्याची पद्धत आता जुनाट झाली आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ती जुनाट झालेली नाही. पट्टीच्या, म्हणजे एफयूटी पद्धतीत डोक्याच्या मागच्या भागातून त्वचेची अरुंद पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातून एक ते चार केसांचे नैसर्गिक पुंजके वेगळे करतात; जखम शिवल्यावर तेथे एक रेघ उरते. एफयूई या दुसऱ्या पद्धतीत सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या पंचने (पोकळ, गोल पात्याच्या हत्याराने) एकेक पुंजका उपटतात, त्यामुळे टाके लागत नाहीत. पण व्रण मात्र राहतात, ते ठिपक्यांचे असतात एवढेच. केस अगदी बारीक कापणाऱ्यांना एफयूई सोयीची पडते. तथापि त्वचेखाली मूळ कोणत्या कोनात वळले आहे हे वरून दिसत नाही आणि हात सराईत नसेल तर पंचने मूळच कापले जाते.

या दोन्ही पद्धती ज्या तत्त्वावर उभ्या आहेत ते न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्रिक यांनी 1959 साली मांडले: मागच्या बाजूचा केस पुढे लावला तरी तो आपला मूळचा, न गळण्याचा स्वभाव सोडत नाही. त्यांचे ग्राफ्ट चार मिलिमीटरचे असत आणि बाहुलीच्या केसांसारखे दिसत. आता तसे होत नाही. परंतु नवा केस कोणतेही तंत्र निर्माण करत नाही, असलेलेच केस ते हलवते. मागचा साठा बहुतेकांच्या बाबतीत काही हजार ग्राफ्टचाच असतो. तुमची गळती अजून कोठवर जाईल हे ठरलेले नसताना त्यातील 4000 आताच खर्च करणे मला धोक्याचे वाटते, कारण पुढे जुने केस गळून लावलेल्या केसांचे बेट उरू शकते. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून निदान करून घ्या आणि त्यांच्या देखरेखीखाली निदान वर्षभर मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड ही केसगळतीवरची औषधे घेऊन पाहा. फिनास्टेराइडचे लैंगिक दुष्परिणाम त्यांच्याकडून आधीच समजून घ्या.

त्यानंतरही शस्त्रक्रिया ठरली, तर पंच प्रत्यक्ष कोण चालवणार हे क्लिनिकला विचारा. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात, हेही त्यांनी तुम्हाला आधी सांगायला हवे होते.