केसपेपरवर वेळ लिही

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. सर्पदंशावर संशोधन करायचे आहे, तर ग्रामीण रुग्णालयातली ही बंधपत्राची सेवा कशीबशी उरकून बंगळूरच्या एखाद्या प्रयोगशाळेत जावे की आधी पदव्युत्तर परीक्षेला बसावे, एवढेच तू विचारले आहेस. ज्या वॉर्डात तू रोज उभी असतेस त्याला मात्र तुझ्या पत्रात एकच वाक्य मिळाले आहे: ‘इथे काही होण्यासारखे नाही.’ मला त्या वाक्याचा राग आला आणि म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

डॉ. हिम्मतराव बावस्करांचे नाव तुला ठाऊक आहे. त्यांनी नेमके काय केले, ते मात्र मूळ लेख मिळवून वाच. रायगड जिल्ह्यात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, त्यातही लहान मुले, दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून काय आधी होते आणि काय नंतर, हे टिपले. आधी उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि चढलेला रक्तदाब, पुढे फुफ्फुसात भरणारे पाणी. ही हृदयाची पूर्वचिन्हे 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विषामुळे शरीरातलीच ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय त्या भाराखाली थकते, हे या क्रमावरून उमगले. म्हणूनच रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशावर वापरावी, असे सुचू शकले. आणि या औषधाने नाव झाल्यावरही काम थांबले नाही: नुसते प्राझोसिन द्यावे की त्याच्या जोडीला प्रतिविषही द्यावे, याची चाचणी रायगडातल्याच महाडमध्ये 70 रुग्णांवर घेतली गेली, 2011 साली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली आणि जोडीने दिलेल्या उपचाराने रुग्ण लवकर सावरतात असे दिसले. या सगळ्याच्या मुळाशी घड्याळ आणि केसपेपर होता. वेळ लिही. माझे सांगणे एवढेच आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

तुझ्या वॉर्डातली वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणीच उदाहरणादाखल घे. घोणस किंवा फुरसे चावलेल्या रुग्णाचे रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून रक्त गोठले का ते पाहायचे, यापेक्षा स्वस्त चाचणी नाही. पण नळी साबणाच्या द्रावणाने धुतलेली असेल किंवा प्लास्टिकची असेल, तर निरोगी माणसाचे रक्तही गोठलेले दिसणार नाही. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचे प्रतिविष, दिल्यावर यकृताला रक्त गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला साधारण सहा तास लागतात, म्हणून पुढची चाचणी सहा तासांनी करतात. आता सांग, केसपेपरवर नुसते ‘रक्त गोठले नाही’ असे लिहिलेले असेल, रक्त कधी घेतले, कोणत्या नळीत घेतले आणि एएसव्हीची पहिली व्हायल, म्हणजे कुपी, कधी सुरू झाली हे नसेल, तर त्या ओळीवरून कुणी काय शिकायचे? बंगळूरला गेल्यावर तू अशाच नोंदी शोधत फिरशील आणि त्या मिळत नाहीत म्हणून तक्रार करशील.

दंशाची वेळ नातेवाइकांना सांगता येत नाही, ही सबब मला लिहू नकोस. धार काढण्याआधी की नंतर, संध्याकाळची एसटी गेली होती का, दिवे गेले तेव्हा रुग्ण कुठे होता, असे विचारले की अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने वेळ सापडते. मण्यारीच्या बाबतीत तर या विचारपूसवर जीव अवलंबून असतो. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, पुष्कळदा दंश कळतही नाही, सूज नसते, आणि पहाटे पोटात दुखते म्हणून आणलेल्या मुलाला पोटदुखीचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले जाते. पापण्या कधी जड झाल्या, गिळणे कधी अवघड झाले, हे तासातासाने लिहिणाऱ्याला श्वास थांबण्याची चाहूल आधी लागते. पुढे तो रुग्ण डोळे उघडू शकत नाही, हात हलवू शकत नाही, पण तुझे बोलणे त्याला ऐकू येत असू शकते. त्याच्याशी बोलत राहा आणि हाताने श्वास देणारी ॲम्ब्यू बॅग दाबणारा हात थांबू देऊ नकोस.

माझ्या एका वरिष्ठांना माझ्या या वेळा खटकत. रुग्ण कधी आला आणि प्रतिविष कधी सुरू झाले हे कागदावर आले की उशीर दिसतो आणि नातेवाईक कोर्टात जातात, असे त्यांचे म्हणणे होते. मी लिहीत राहिलो. त्यापायी गोपनीय अहवालात काय शेरे आले असतील ते असोत. उशीर लपवणारा कागद रुग्णाच्याही उपयोगाचा नाही आणि शास्त्राच्याही नाही, असे मला तेव्हा वाटत होते आणि आजही वाटते.

हुरहूर आहे ती वेगळ्याच गोष्टीची. घोणस चावून लघवी बंद झालेली माणसे आम्ही डायलिसिससाठी शहरात पाठवली, आणि त्यांचे पुढे काय झाले ते आम्हाला कधी कळले नाही. घोणसीच्या विषाने मूत्रपिंडे कायमची अधू होऊ शकतात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी निकामी होऊन थकवा, स्त्रियांची पाळी थांबणे असे त्रास महिन्यांनी, कधी वर्षांनीही वर येतात, आणि तोवर सापाची आठवण कुणी त्यांच्याशी जोडत नाही. दोन डॉक्टरांच्या रुग्णालयात बाळंतपणे, शवविच्छेदने आणि कोर्टाच्या तारखा सांभाळून पाठपुरावा कुणी करायचा होता, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेले नाही. त्यासाठी पद मागितले होते, ते मंजूर झाले नाही. तरीही ती माणसे डोळ्यांपुढून जात नाहीत. तुझ्याकडे प्रत्येक नातेवाइकाचा मोबाइल क्रमांक आहे. तीन महिन्यांनी आणि वर्षाने फोन कर, आणि तो केव्हा केला तेही लिही.

प्रयोगशाळेला मी कमी लेखत नाही. आपले एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याच विषावर बनते. विष मुख्यतः तामिळनाडूतील साप पकडणाऱ्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. कोकणात चापडा चावला तरी हेच प्रतिविष टोचले जाते, ते त्याच्या विषावर बनलेले नसूनही. हे प्रश्न प्रयोगशाळेतच सुटतील. परंतु तुझ्या तालुक्यात किती व्हायलनंतर, किती तासांनी रक्त गोठले हे तुझ्याशिवाय कोण सांगणार? श्रीलंकेत 1,007 रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2011 साली आले: प्रतिविषाच्या तीव्र प्रतिक्रिया आधी दिलेल्या ॲड्रेनलिनच्या अल्प मात्रेने कमी होतात, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड आणि प्रोमेथाझिन हे ॲलर्जीचे औषध यांनी होत नाहीत. तुझ्या वॉर्डात आजही आधी स्टिरॉइड आणि ॲलर्जीचे इंजेक्शन दिले जात असेल, तर ते का दिले जाते, हा प्रश्न तुझ्या हातात आहे आणि त्यासाठी कुठेही जावे लागत नाही.

2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, हा अंदाज घरोघरी जाऊन मृत्यूची कारणे विचारल्यावर निघाला, कारण रुग्णालयांच्या नोंदींत त्यातला थोडाच भाग होता. 2024 साली केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा आणला. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. ते निम्मे झाले की नाही, हे कशावरून ठरवणार?

परीक्षेला बसायचे तर बस. मी अडवणार नाही. फक्त या पावसाळ्यात एक जाड वही कर. दंशाची वेळ, पोहोचण्याची वेळ, पहिल्या व्हायलची वेळ, प्रत्येक चाचणीची वेळ, आणि साप मेलेला आणला असेल किंवा मोबाइलवर असेल तर त्याचे छायाचित्र. जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील नैतिकता समितीकडे आत्ताच अर्ज कर. त्यांची बैठक लवकर होत नाही. दसऱ्यानंतर ती वही घेऊन ये, रुग्णांची नावे झाकून. रकाने रिकामे असतील तर आधी फोन कर, म्हणजे ते का रिकामे राहिले यावर बोलू.

तुझा,
सर

ता. क. नळ्या काचेच्याच मागव, आणि मागणीपत्रावर ‘नव्या’ हा शब्द अधोरेखित कर.