काही घडत नसतानाही थ्रिलर बघताना धडधडतं का?

पडद्यावर नुसता रिकामा जिना दिसतोय, तरी धडधडतं, ते दिग्दर्शक नेमकं कशाने करतात, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते बरंचसं आवाजाने, आणि त्याहून जास्त आवाज काढून घेऊन.

आमचं घर फोंड्याजवळ, जुनं नळ्यांचं. आषाढात वीज गेली की छपरावर पाऊस तासन्‌तास एकसुरात वाजत राहतो. त्याची भीती वाटत नाही, उलट झोप लागते. पण तो एकाएकी थांबला की कान टवकारतात. पागोळी कुठे गळतेय, मागच्या पडवीत झावळ पडलं की पाऊल वाजलं? थ्रिलरचा ध्वनिसंयोजक हेच करतो. पंख्याची घरघर, रातकिडे यांची आधी कानाला सवय लावतो, मग नेमक्या क्षणी ते बंद करतो. पुढचं काम आपलं मनच करतं.

'कौन' (१९९९) जरूर बघा. एक घर, तीन पात्रं, बाहेर वादळी पाऊस, गाणं एकही नाही. दाराबाहेरचा माणूस आत येण्याआधी त्याची बेल घरभर फिरते! जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या 'एम'मध्ये (१९३१) तर खुन्याची ओळख म्हणजे त्याची शीळ. बोलपट नवा असताना त्याला हे सुचलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

संगीताचंही तसंच. 'सायको'च्या (१९६०) न्हाणीघरातल्या प्रसंगाला संगीतच नको, असं दिग्दर्शक हिचकॉकचं आधी मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही ते केलं, फक्त तंतुवाद्यांवर. ते ऐकून हिचकॉकने मत बदललं. व्हायोलिनच्या त्या किंचाळ्या काढून प्रसंग बघा, सुरीची धार निम्मी होते.

दृश्यात चौकट काय झाकते ते बघा. पात्र एका कोपऱ्यात, मागे अर्धवट उघडं दार आणि कॅमेरा हलतच नाही. थोड्या वेळाने आपण पात्राकडे नाही, दाराकडे बघत असतो. उजेड एकाच बाजूने आला की अर्धा चेहरा अंधारात राहतो, आणि त्या माणसावर किती विश्वास ठेवावा ते ठरत नाही.

एकच विनंती, हे सिनेमे मोबाइलच्या स्पीकरवर बघू नका. पोटात गोळा आणणारी खर्जातली घुमघुम त्यातून जवळजवळ ऐकूच येत नाही. हेडफोन लावा, आणि एखादा प्रसंग डोळे मिटून नुसता ऐका.