फी माफीची जागा सोडून बेसाचा प्लॉट गहाण टाकावा का?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा. ते हिंगणा एमआयडीसीत नोकरीला आहेत, वर्षाचा पगार 5 लाख 80 हजार. पत्नीला शिवणकामातून 1 लाख 10 हजार मिळतात. प्रवर्ग ओबीसी. मुलीला इंजिनिअरिंगच्या ‘कॅप’च्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत नागपुरातल्याच एका विनाअनुदानित कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मिळालं आहे. तिला हवं आहे कॉम्प्युटर, आणि ते एका स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठात 2 लाख 75 हजार रुपये वार्षिक फीने मिळतंय. त्यासाठी 3 लाखांची एफडी मोडून, बेसाचा प्लॉट तारण ठेवून 8 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढावं का? जागा राखायला विद्यापीठ आठवडाभरात 50 हजार मागतंय.

माझं उत्तर: नका काढू. कॅपची जागा स्वीकारा, पण ‘बेटरमेंट’ (हातची जागा राखून वरच्या विकल्पाची वाट बघणं) निवडून पुढच्या फेऱ्यांत कॉम्प्युटरसाठी प्रयत्न चालू ठेवा.

दोन्हीकडच्या फी तुम्ही शेजारी मांडल्यात, पण त्याआधी प्रवेश कोणत्या वाटेने होतोय ते बघायला हवं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा 100 टक्के लाभ मिळतो. त्याआधी तो 50 टक्के होता. तुमचं दोघांचं मिळून 6 लाख 90 हजार होतं, म्हणजे तुम्ही बसता. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोटा चालत नाही, आणि खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं योजनेतून वगळलेली आहेत. तिथे प्रवेश घेतलात की हा लाभ एका वर्षासाठी नाही, चारही वर्षांसाठी गेला.

आता कर्जाचं बघा. दरवर्षी 2 लाख उचलले, व्याजदर 10 टक्के धरला आणि शिक्षणाची चार वर्षं अधिक एक वर्ष हप्ता नाही असं मानलं, तरी साधं व्याजच 2 लाख 80 हजार चढतं. हप्ते सुरू होताना मुलीच्या डोक्यावर 10 लाख 80 हजार असतील. दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता सुमारे 14,270 रुपये, एकूण परतफेड 17 लाखांच्या वर. त्यात तुमची एफडी मिळवा, म्हणजे 11 लाखांची पदवी 20 लाखांना पडते. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर हप्ता साधारण 10,570 वर येतो, पण चौथ्या वर्षी दर महिन्याला 6,600 रुपयांच्या आसपास व्याज तुमच्या पगारातून जाईल.

प्लॉटचं तर मला फारच वाईट वाटलं. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज केंद्राच्या पतहमी योजनेखाली तारणाशिवाय मिळतं. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. म्हणजे वरच्या 50 हजारांसाठी तुम्ही अख्खा प्लॉट बँकेकडे ठेवायला निघालात.

व्याजातली सवलतही तुमच्या कामी येईलच असं नाही. शिक्षणकाळातलं पूर्ण व्याज केंद्र भरतं ती योजना साडेचार लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आहे. केंद्राच्याच पीएम विद्यालक्ष्मी योजनेत 8 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला व्याजात 3 टक्के सवलत आहे, पण संस्था त्यांच्या यादीत असावी लागते. त्या विद्यापीठाचं नाव यादीत आहे का ते पोर्टलवर बघा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर वजावट देणारं आयकराचं 80ई कलम फक्त जुन्या कररचनेत चालतं, आणि तुमच्या पगारावर नव्या रचनेत तसाही कर लागत नाही.

इकडे कॅपच्या जागेचा खर्च किती? तुम्ही पाठवलेल्या फीच्या कागदावर शिक्षण शुल्क 1 लाख 15 हजार आणि विकास शुल्क 15 हजार असं वेगळं दाखवलंय. माफी पहिल्याला आहे, दुसऱ्याला नाही. हे अनेक पालकांना प्रवेशाच्या खिडकीवर कळतं. विकास शुल्क, लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आणि पुढे कॉलेज बस, पुस्तकं धरून वर्षाला 45 हजार ठेवा, लॅपटॉप वेगळा. पगारातून निघण्यासारखं आहे. एफडी मोडू नका. एखाद्या वर्षी ओव्हरटाइममुळे उत्पन्न 8 लाखांवर गेलं किंवा अर्ज अडकला, तर त्या वर्षाची फी भरायला तीच उपयोगी पडेल.

बेटरमेंट करताना विकल्प अर्जात आता मिळालेल्या जागेपेक्षा खरोखर हव्या असलेल्याच जागा लिहा: कॉम्प्युटर, आयटी, त्यांच्या जवळच्या शाखा. वरचा विकल्प लागला की आधीची जागा आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. शेवटी इलेक्ट्रॉनिक्सच राहिलं, तर त्या कॉलेजात कॉम्प्युटरचा ‘मायनर’ (जोडविषय) घेता येतो का ते विचारा. सॉफ्टवेअरच्या बऱ्याच कंपन्या कॅम्पस मुलाखतींना या शाखेच्या मुलांनाही बसू देतात, म्हणून शाखेपायी 20 लाख मोजणं मला पटत नाही.

गडबड होते ती कागदांत. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध हवं. ते वेळेत नसेल तर मुलगी खुल्या प्रवर्गात ढकलली जाते, आणि ओबीसीची जागा व लाभ दोन्ही धोक्यात येतात. जात वैधता प्रमाणपत्राचंही तेच, पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती असेल तर ती जपून ठेवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, आणि त्यात दोघांचंही उत्पन्न. शिवणकाम लपवू नका. 6 लाख 90 हजारांत ते बसतंय, मग खोट्या दाखल्याची जोखीम कशाला?

महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, या लाभाचा अर्ज भरला की काम संपलं असं समजू नका. कॉलेजचा क्लार्क तपासतो, मग विभाग तपासतो, आणि त्रुटी निघाली की अर्ज मुलीच्या लॉगिनला परत येतो. आठवड्यातून एकदा लॉगिन उघडून बघायला सांगा. पैसे येतात ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात. तिने मध्येच नवं खातं उघडून आधार तिथे जोडलं, तर जुन्या पासबुकात वाट बघत बसाल. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती (आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते) दिसते, ती आजच बघा.

कॉलेजने प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागितली तर शासन निर्णयाची प्रत जोडून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तरी ऐकलं नाही तर सदरला शासकीय तंत्रनिकेतनाच्या आवारात तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालकांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. मंजूर फीच्या वर घेतलेला पैसा 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो.

माझं मत एकाच स्थितीत बदलेल: पुढच्या फेरीत पुण्या-मुंबईच्या एखाद्या नामांकित शासकीय कॉलेजात कॉम्प्युटर लागलं तर. तिथेही फी माफी कायम राहते, खर्च वाढतो तो राहण्या-जेवणाचा. तेवढ्यासाठी 4 लाखांपर्यंतचं कर्ज खुशाल काढा. त्याला तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही.

विद्यापीठाचे 50 हजार तूर्त भरू नका. भरायचेच असतील तर कोणत्या तारखेपर्यंत प्रवेश रद्द केल्यास किती परत मिळतील हे आधी लेखी मागा. ती तारीख कॅपच्या शेवटच्या फेरीच्या निकालानंतरची नसेल, तर ते पैसे गेले असंच धरा.